सरकारी कॉलेजात शिष्यवृत्तीवर शिकायचंय? आधी पैशांचं गणित मांडा, मग फॉर्म भरा

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराचा आणि पालकाचा पहिला प्रश्न एकच असतो, फी माफ होईल का. होते, बऱ्याच जणांची होते. पण त्या प्रश्नापाशीच सगळे थांबतात आणि पुढचे दोन प्रश्न कुणी विचारतच नाही, ते म्हणजे फीमधलं नेमकं काय माफ होतं, आणि पैसे हातात कधी येतात. हुशार पोरं वर्ष अर्धवट सोडून गावी परत गेलेली मी बघितलीयेत आणि त्यांच्यातली बहुतेक फीपायी गेली नव्हती, मेसचं बिल आणि रूमचं भाडं थकलं म्हणून गेली. शिष्यवृत्ती त्यांना मंजूर झालेली होती, पैसे यायचे होते फक्त. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात, विद्यापीठाच्या विभागात शिकायचं असेल तर पैशांची जुळवाजुळव कशी करायची ते.

आधी कॉलेज नीट ओळखा

सरकारी कॉलेज, अनुदानित कॉलेज, विनाअनुदानित कॉलेज आणि खासगी विद्यापीठ ही चार वेगवेगळी प्रकरणं आहेत. सरकारी आणि अनुदानितमध्ये शिक्षण शुल्क मुळातच कमी असतं. लोक फसतात ते इथे की एकाच कॉलेजच्या एकाच इमारतीत बीएस्सी अनुदानित असतं आणि बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची तुकडी विनाअनुदानित असते, आणि दोन्हीच्या फीमध्ये जमीन अस्मानाचा फरक असतो. कॉलेज नावाजलेलं, जुनं, म्हणून घरचे निश्चिंत असतात आणि फीची पावती बघून धक्का बसतो. त्यामुळे चौकशी करताना 'कॉलेज अनुदानित आहे का' असं विचारूच नका, 'ही तुकडी अनुदानित आहे का' असं विचारा आणि मागच्या वर्षीच्या फीचा तक्ता मागून घ्या. बहुतेक ठिकाणी तो नोटीस बोर्डावर किंवा वेबसाइटवर असतोच.

प्रोफेशनल कोर्स असेल, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ वगैरे, तर प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर प्रवेश घेतला की राज्याच्या फीसवलतीच्या मुख्य योजना हातच्या गेल्या. तिसऱ्या राउंडमध्ये थोडं कमी नावाचं सरकारी कॉलेज मिळत असेल आणि दुसरीकडून एखादा एजंट 'मोठ्या कॉलेजात सीट करून देतो, शिष्यवृत्ती पण बसवून देतो' म्हणत असेल तर त्याच्या नादी अजिबात लागू नका. खासगी विद्यापीठांचंही तसंच, नावात विद्यापीठ असलं तरी ते सरकारी नाही, आणि खाली ज्या फीसवलती सांगतोय त्यातल्या बऱ्याच तिथे लागू होत नाहीत.

कुणाला काय मिळतं

मुलींपासून सुरू करतो, कारण २०२४ मध्ये इथे मोठा बदल झालाय आणि अजूनही खेड्यापाड्यातल्या कित्येक घरांपर्यंत तो नीट पोचलेला नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांना प्रोफेशनल कोर्सचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे, २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून. सरकारी, अनुदानित, विनाअनुदानित कॉलेजं आणि सार्वजनिक विद्यापीठं यात येतात, खासगी विद्यापीठं येत नाहीत, आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा. अनाथ मुलामुलींनाही यात घेतलंय. 'मुलीला कशाला एवढं शिकवायचं, खर्च परवडत नाही' असं म्हणणारं घर तुमच्या ओळखीत असेल तर प्लीज त्यांना हे जाऊन सांगा, कारण त्यातलं फीचं कारण तरी आता उरलेलं नाही.

खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, जिला सगळे अजून ईबीसीच म्हणतात. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, महाराष्ट्राचं डोमिसाईल, प्रोफेशनल कोर्सला प्रवेश कॅपमधून. शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची ५० टक्के रक्कम मिळते. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ आहे, आणि मध्ये दोन किंवा जास्त वर्षांचा खंड पडलेला चालत नाही.

एससी विद्यार्थ्यांना भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. यात फीसोबत निर्वाह भत्ताही मिळतो, प्रोफेशनल डिग्रीला हॉस्टेलवर राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्याला ७,००० रुपये, बाकी कोर्सना त्यापेक्षा कमी. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप आहे, त्यात फक्त शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता नाही. एसटीला आदिवासी विकास विभागाकडून अशीच व्यवस्था आहे. ओबीसी, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती), एसबीसीच्या (विशेष मागास प्रवर्ग) योजना बहुजन कल्याण विभागाच्या, तिथे नॉन क्रीमी लेयर, म्हणजे उन्नत गटात नसल्याचा दाखला, लागतोच. व्हीजेएनटी आणि एसबीसीला पूर्ण शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलांना सरकारी कॉलेजात पूर्ण मिळतं, विनाअनुदानितमध्ये निम्मंच, हा फरक ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीचा फॉर्म, भरताना डोक्यात ठेवा.

आता जे पहिल्यांदा म्हटलं त्याकडे येतो. यातल्या बहुतेक योजनांमध्ये माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. फीच्या पावतीवर विकास शुल्क, लायब्ररी, जिमखाना, ओळखपत्र, डिपॉझिट अशा बाकी ओळी असतात आणि त्या बऱ्याचदा तुम्हालाच भराव्या लागतात. 'पूर्ण फी माफ' ऐकून मोकळ्या हाताने अॅडमिशनला गेलेला बाप काउंटरवर दहा-बारा हजार मागितले की खचतो, आणि कॉलेज लुटतंय असं त्याला वाटतं, पण दरवेळी तसं नसतं. पावतीवरची ओळ न् ओळ वाचा आणि शिक्षण शुल्काच्या ओळीत काय लिहिलंय तेवढं बघून मग बोला.

राहण्याजेवण्याचा खर्च, खरा खड्डा इथेच आहे

सरकारी कॉलेजात चार वर्षांची फी एकवेळ जमते, पण शहरात राहणं जमत नाही. यासाठीच्या योजना वेगळ्या आहेत आणि त्यांचे फॉर्म वेगळे भरावे लागतात, फी माफीचा फॉर्म भरला की हे आपोआप मिळत नाही.

पहिला प्रयत्न सरकारी वसतिगृहाचा करा. समाज कल्याणची, आदिवासी विकासची, आता बहुजन कल्याणचीही वसतिगृहं आहेत, राहणं आणि जेवण मोफत. यादी गुणवत्तेवर लागते, जागा कमी असतात, म्हणून पहिल्या यादीत नाव नाही आलं तर पुढच्या याद्यांवर लक्ष ठेवा. तिथे नंबर लागलाच नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार, एसटीला स्वयम् आणि ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत, विभागीय शहरांत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० असं त्याचं साधारण स्वरूप आहे. उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, कॉलेज तुमच्या राहत्या गावाशहराबाहेर हवं आणि हजेरी ७५ टक्के लागते. हजेरीचं मनावर घ्या, कारण दुसरा हप्ता तिथेच अडकतो. खुल्या प्रवर्गातली मुलं अल्पभूधारक शेतकऱ्याची किंवा नोंदणीकृत मजुराची असतील तर त्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, आणि ती ईबीसीच्या जोडीने घेता येते. बांधकाम मजूर असाल तर कल्याणकारी मंडळाची नोंदणी जिवंत आहे ना ते बघा, कारण मंडळाच्या स्वतःच्याही शैक्षणिक मदती आहेत.

एक उदाहरण मांडून दाखवतो, आकडे समजा म्हणून धरलेत, तुमचे तुम्ही टाका. जालना जिल्ह्यातली एक मुलगी, ओबीसी, घरचं उत्पन्न दोन लाख, छत्रपती संभाजीनगरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागलाय पण हॉस्टेल मिळालेलं नाही. शिक्षण शुल्क शून्य. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरती, रूम महिना २,५०० आणि मेस ३,०००, दहा महिन्यांचे झाले ५५,०००. विकास शुल्क आणि बाकीचं १२,०००. पुस्तकं, झेरॉक्स, एसटी बसचा पास, मोबाईल रिचार्ज, गावी येणं-जाणं मिळून १३,०००. एकूण ८०,०००. आधार योजनेत नाव आलं तर ५१,००० मिळतील, उरले २९,०००. कागदावर हे गणित एकदम छान दिसतं, वर्षाला २९ हजार तर घरातून जमतील.

पण आधार योजनेचे पैसे जुलैत येत नाहीत. फॉर्म, छाननी, यादी, मग मंजुरी, मग निधी, यात दिवाळी उलटून जाते आणि कधी कधी पुढचं कॅलेंडर वर्ष लागतं. म्हणजे जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिने तिला स्वतःच्या पैशावर काढायचेत, ५,५०० च्या हिशोबाने २७,५००, वर कॉलेजचे १२,०००, वर पुस्तकं आणि सुरुवातीची गादी, बादली, डिपॉझिट असे ५,०००. साधारण ४५,००० रुपये जुलैतच हाताशी पाहिजेत. वर्षाची तूट २९ हजारांची, पण सुरुवातीला लागणार ४५ हजार, आणि पोरं याच फरकात अडकतात. तुमच्या घरचा हा आकडा मेमध्येच कागदावर काढा, म्हणजे शेतमाल कधी विकायचा, बिशी कधी उचलायची, मामाकडून किती घ्यायचे आणि परत कधी करायचे हे आधी ठरवता येतं, ऐनवेळी सावकाराच्या दारात उभं राहावं लागत नाही.

दाखले: एप्रिल उजाडला की लागा

उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा लागतो आणि तो मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, त्यामुळे मार्च संपल्याशिवाय नवीन वर्षासाठीचा काढता येत नाही. पण १ एप्रिलनंतर लगेच अर्ज टाका. जूनमध्ये सेतूत आणि महा ई सेवा केंद्रात काय गर्दी असते ती बघितलीच असेल, सर्व्हर चालत नाही, तलाठ्याचा अहवाल मिळत नाही, आणि सगळ्यांना तो दाखला एकाच आठवड्यात हवा असतो. डोमिसाईल आणि जातीचा दाखला तर कधीही काढून ठेवता येतो. नॉन क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तुमच्या दाखल्यावर कुठल्या वर्षाचा ३१ मार्च आहे ते आजच बघा. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, कुणी पाचशेचा स्टॅम्प आणायला सांगितला तर नम्रपणे विचारा की कशासाठी.

जात वैधता हा सगळ्यात वेळखाऊ कागद आहे आणि आरक्षणातून प्रोफेशनल कोर्सला प्रवेश घेणाऱ्याला तो लागतोच. अकरावीत असतानाच ज्युनिअर कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे प्रकरण दाखल करा. पुरावा मानीव दिनांकाच्या, म्हणजे प्रवर्गानुसार ठरवून दिलेल्या तारखेच्या, आधीचा लागतो, एससी आणि एसटीला १९५०, व्हीजेएनटीला १९६१, ओबीसी आणि एसबीसीला १९६७. म्हणजे प्रत्यक्षात आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममधली जन्म-मृत्यूची जुनी नोंद, ज्याला गाव नमुना १४ म्हणतात, कोतवाल बुक. वडिलांच्या घराण्यात कुणाची वैधता आधी झालेली असेल, सख्खा काका, चुलत भाऊ, तर त्यांचं प्रमाणपत्र आणि वंशावळ जोडा, काम बरंच सोपं होतं. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावंडांचं शोधा. यात जाणारे दिवस वाया जात नाहीत, त्या एका कागदाने पुढे धाकट्या भावंडांचंही काम होतं.

आणि नावं. आधारवर 'ज्ञानेश्वर', दहावीच्या मार्कशीटवर 'न्यानेश्वर', बँकेत फक्त आडनाव आणि आद्याक्षर. असं काही असेल तर फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करा, दहावीची मार्कशीट प्रमाण धरून बाकीचं तिच्यासारखं करून घ्या, कारण मार्कशीट बदलणं सगळ्यात अवघड.

महाडीबीटीचा फॉर्म आणि बँक खातं

राज्याच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात. आधारच्या ओटीपीने रजिस्टर करा, म्हणजे आधारला जो मोबाईल नंबर जोडलाय तो चालू पाहिजे, आणि तो तुमच्याच हातात पाहिजे. कॅफेवाल्याने स्वतःचा नंबर आणि स्वतःचा पासवर्ड टाकून शंभर पोरांची खाती उघडून ठेवलेली असतात आणि मग दुरुस्तीचा मेसेज त्याच्या मोबाईलवर पडून राहतो. कॅफेत बसून भरा हवं तर, टायपिंगचे पैसे द्या, पण युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या.

प्रोफाइल भरताना घाई करू नका. जात, उत्पन्न, डोमिसाईल, पालकांची माहिती, चालू कोर्स, मागचं शिक्षण, हॉस्टेलला आहात की नाही, यावरूनच पोर्टल ठरवतं की तुम्हाला कुठल्या योजना दाखवायच्या. योजना दिसत नसेल तर नव्वद टक्के वेळा प्रोफाइलमधली एखादी टिक चुकलेली असते. कोर्सचं नाव यादीतून निवडताना विनाअनुदानित, अनुदानित अशी एकाच नावाची दोन-तीन नावं दिसतात, कॉलेजच्या क्लार्कला विचारून अचूक तेच निवडा. दाखल्यांचे बारकोड नंबर नीट टाका. फाइलच्या साइजची मर्यादा छोटी असते, त्यामुळे आधीच मोबाईलवर स्वच्छ उजेडात स्कॅन करून लहान केलेल्या फाइल एका फोल्डरमध्ये ठेवा, शिक्का आणि सही वाचता आली पाहिजे.

फॉर्म सबमिट झाला की काम झालं असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून विभागाकडे. कॉलेजच्या लॉगिनलाच महिनोन् महिने पडून राहिलेले फॉर्म मी बघितलेत. म्हणून प्रिंट काढून, सगळ्या कागदांच्या झेरॉक्स लावून शिष्यवृत्ती विभागाच्या क्लार्ककडे नेऊन द्या, पोच घ्या, आणि दर पंधरवड्याला लॉगिन करून स्टेटस बघा. सेंड बॅक दिसलं तर घाबरू नका, त्यात कारण लिहिलेलं असतं, ते दुरुस्त करून मुदतीत परत पाठवा. रिजेक्ट आणि सेंड बॅक यात फरक आहे, सेंड बॅकमध्ये जीव आहे अजून. दुसऱ्या वर्षी रिन्यूअलचा फॉर्म परत भरायचा असतो, 'मागच्या वर्षी भरला होता' म्हणून पैसे येत नाहीत.

पैसे येतात ते आधारशी जोडलेल्या बँक खात्यात, तुम्ही फॉर्ममध्ये कुठला खाते नंबर लिहिलाय त्यावर ते अवलंबून नसतं. हे समजावून घ्या, कारण दरवर्षी यात गोंधळ होतो. बँकेत आधार कार्डाची झेरॉक्स देणं वेगळं आणि एनपीसीआयला, म्हणजे आधारवरून पैसे कुठल्या खात्यात जायचे ते ठरवणाऱ्या यंत्रणेत, खातं मॅप होणं वेगळं. आधारच्या वेबसाइटवर माय आधारमध्ये लॉगिन केलं की बँक सीडिंग स्टेटस दिसतं, तिथे ज्या बँकेचं नाव आणि अॅक्टिव्ह असं दिसेल तिथेच पैसे जाणार. मध्येच एखादं पेमेंट बँकेचं खातं काढलं, सिमकार्ड घेताना कुठे अंगठा दिला, तर मॅपिंग तिकडे सरकलेलं असू शकतं आणि शिष्यवृत्ती त्या खात्यात जाऊन पडते, जे तुम्हाला आठवतही नसतं. आणखी एक, खातं झिरो बॅलन्सचं छोटं खातं असेल, म्हणजे पूर्ण केवायसी न करता काढलेलं, तर त्यात ५०,००० च्या वर शिल्लक राहू शकत नाही आणि वर्षभरात १ लाखाच्या वर जमा होत नाही. मोठी रक्कम आली तर परत जाईल. बँकेत जाऊन पूर्ण केवायसी करा, बंद पडलेलं असेल तर चालू करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तुमच्या खात्यात आलेल्या पैशात कॉलेजच्या फीचा भागही असतो. तो तुमचा नाही, आला की लगेच कॉलेजला भरा आणि पावती घ्या. पैसे आले म्हणून मोबाईल घेतला आणि वर्षाच्या शेवटी कॉलेजने मार्कशीट अडवली असं झालंय पोरांचं.

काउंटरवर काय बोलायचं

काही कॉलेजं म्हणतात, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून माफ असलेलं शिक्षण शुल्क प्रवेशावेळी घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत. भांडू नका, प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा, मी अमुक प्रवर्गातून कॅपमधून प्रवेश घेतलाय, अमुक योजनेला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला जोडलाय, तरी शिक्षण शुल्क वगळून उरलेली फी भरून घ्यावी. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी बोलणं त्या दिवसापुरतं असतं, शिक्क्याच्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तरीही नाही ऐकलं तर समाज कल्याणचं जिल्हा कार्यालय किंवा तंत्रशिक्षणचं विभागीय कार्यालय. आणि फॉर्म कुठे अडकलाय ते कुणीच सांगत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं.

केंद्राच्या योजना

या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहेत, तिथे आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. बारावीला तुमच्या शाखेत बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पीएम यूएसपीची केंद्रीय शिष्यवृत्ती बघा, पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांना ती फार कामाची आहे, आणि हीच पोरं फॉर्म भरत नाहीत. इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला गेलेल्या मुलींना एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती, ४० टक्के किंवा जास्त दिव्यांग असलेल्यांना सक्षम, अनाथ विद्यार्थ्यांना स्वनाथ, तिन्हींमध्ये वर्षाला ५०,०००. यातल्या बऱ्याच योजना दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालू असेल तर देत नाहीत, त्यामुळे दोन्हींच्या रकमा शेजारी शेजारी लिहा आणि जिथे चार वर्षांत जास्त मिळतंय ती निवडा. पुढे एमटेकला गेट ही परीक्षा पास होऊन गेलात तर महिना १२,४०० स्टायपेंड आहे, पीएचडीला नेट परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली असेल तर महिना ३७,०००, तिथपर्यंत पोचलात की घरी पैसे मागायची वेळ जवळपास संपते.

तरीही कमी पडले तर

कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून ही वाट आपल्याकडे आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि संलग्न कॉलेजांत, शिवाजी विद्यापीठात, आणखी बऱ्याच ठिकाणी ही योजना चालते. लायब्ररीत पुस्तकं लावणं, ऑफिसची कामं, बागकाम, लॅब, दिवसाला दोन-तीन तास आणि तासावर पैसे. रक्कम मोठी नसते, पण ती महिन्याच्या महिन्याला मिळते आणि मेसच्या बिलाला तेच तर हवं असतं. अॅडमिशन झाल्या झाल्या विद्यार्थी विकास विभागात नाव द्या, जागा लवकर भरतात. बाहेर डिलिव्हरीचं काम करून रात्री दोनला झोपण्यापेक्षा हे कधीही बरं, हजेरी तरी सांभाळली जाते.

शैक्षणिक कर्ज शेवटी घ्या, पण घ्यायला लाजू नका. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंतही हमी योजनेखाली बिनतारणी कर्ज देता येतं. नामांकित संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली, तिच्यात तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत असून दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसाल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात ३ टक्के व्याज सवलत आहे. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कोर्स तांत्रिक किंवा प्रोफेशनल असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं, यासाठी कर्ज घेतानाच बँकेला उत्पन्नाचा दाखला द्या आणि व्याज सवलतीची नोंद झाली का ते विचारा.

किती घ्यायचं तर वर जी तूट काढली तेवढंच. बँक चार लाख देतेय म्हणून चार लाख घ्यायचे नाहीत. मंजुरी पूर्ण कोर्सची घ्या पण उचल दरवर्षी लागेल तेवढीच करा, व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. परतफेड साधारण कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होते, पण सवलत नसेल तर व्याज पहिल्या दिवसापासून मोजलं जातं. २ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला तर वर्षाला २०,००० व्याज, महिन्याला १,६६७ रुपये. घरून तेवढे दर महिन्याला भरता आले तर भरत राहा, बऱ्याच बँका अशा खात्याला दरात १ टक्का सूटही देतात. शाखेतून कर्जाला तोंडी नकार मिळाला तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज टाका, तिथे त्यांना अर्जाचं काय झालं ते ऑनलाइन नोंदवावं लागतं.